चौथ्या गाण्याआधीचे अकरा सेकंद

नमुन्याची तबकडी तिसऱ्यांदा लावताना तिने खोलीचं दार लोटून घेतलं.

तबकड्यांच्या त्या कारखान्यात तिचं काम एकच. हजार प्रती निघण्याआधी पहिली प्रत कान देऊन ऐकायची आणि कुठे खरखर, टकटक, दबलेला आवाज सापडला तर कागदावर नोंदवायचा. चौदा वर्षं ती हेच करत होती. गाणं आवडलं का, हे तिला कधी कोणी विचारलं नव्हतं.

ही तबकडी क्रस्ट पंक नावाचं कर्कश संगीत वाजवणाऱ्या चौघांची. गंजल्यासारखी गिटार, उधळलेले ड्रम आणि घसा सोलून निघेल अशी ओरडणारी एक मुलगी. पहिल्यांदा ऐकताना तिचं डोकं उठलं. दुसऱ्यांदा ती गाण्यांचे शब्द समोर घेऊन बसली, आणि तिच्या हातातलं पेन थांबलं. सगळी गाणी कोसळलेल्या गोदामाची होती. आत गाडल्या गेलेल्या नऊ हमालांची. त्या नवांत तिचा नवरा होता.

गोदाम पडलं तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बचावकार्याचे साहेब घरी आले. सगळे जागच्या जागी गेले, कोणाला काही कळलंसुद्धा नाही, असं त्यांनी समजावलं. आता शोध थांबवून ढिगारा यंत्रांनी उचलायचा होता, त्याला घरच्यांची संमती हवी होती.

"वहिनी, त्याला त्रास झाला नाही," दीर म्हणाला. "तेवढंच धरून राहायचं."

तिने सही केली. आणि खरोखरच तेवढंच धरून तिने सात महिने काढले.

आता ती अनोळखी मुलगी तिच्या वाटचं ओरडत होती. मालकाला, साहेबांना, आभाळाला. शब्द धड ऐकू येत नव्हते, तरी एकूण एक पोहोचत होता. ती टेबलावर डोकं टेकून रडली. मोकळं वाटलं.

चौथ्या गाण्याआधी अकरा सेकंद शांतता होती. त्या शांततेत, अगदी तळाशी, ठोके होते. तीन ठोके, मग थांबणं. पुन्हा तीन. नियमाप्रमाणे तो दोष. तिने नोंदवला आणि बँडला निरोप धाडला.

दुपारी गाणारी मुलगी आणि ड्रमवाला आले. दोघंही अवघडून उभे. तिने त्यांना बसवलं, आपण कोणाची बायको ते सांगितलं. चौदा वर्षांत असं काही आपण ऐकलं नव्हतं, असं ती दोघांना म्हणाली. ते ठोके तर मुळीच काढू नका, तिथेच जीव अडकतो.

"कसे वाजवलेत?" तिने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्ही नाही वाजवले, काकू," मुलगी म्हणाली. "माइक जमिनीवर ठेवला होता, त्यात आले. पाण्याचा पंप असेल. बरं वाटलं म्हणून ठेवले."

मग मुलीने सगळं सांगितलं. गोदामाच्या भिंतीला लागूनच त्यांचं तळघर. गाणी तिथेच करायची, असं चौघांनी ठरवलं होतं. गल्लीची वीज तोडलेली, म्हणून बॅटरीवर वाजवलं. पुढे पोलीस होते, म्हणून मागच्या दाराने आत शिरले.

तिने मान डोलावली. दोषाच्या रकान्यावर काट मारली आणि कागद पुढे ओढला. वेष्टनावर छापायची एक माहिती राहिली होती.

"ध्वनिमुद्रणाची तारीख?"

"सोळा," ड्रमवाला म्हणाला. "गोदाम पडल्याचा पाचवा दिवस. यंत्रं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली."