थांब्याचं नाव

"श्रीपतराव डोईफोडे चौक," माजी नगरसेवक श्रीपतराव डोईफोडे बसला तिसऱ्यांदा म्हणाले.

"असा थांबा नाही," बस म्हणाली. तिला ड्रायव्हर नव्हता. थांब्यांची नावं ती पाट्यांवरून नाही, प्रवाशांच्या तोंडून शिकायची, आणि चढणाऱ्यानं थांबा सांगितल्याशिवाय हलायची नाही.

पुढच्या बाकावर इंदुमती कासार खुदकन हसली. मधल्या पेठेतला रस्ता रुंद करून फक्त बससाठी ठेवायचा म्हणून डोईफोड्यांनी तिची खानावळ पाडली होती. रुंदीकरण काही तिथवर आलं नाही, त्या जागी आलं ते त्यांचं हॉटेल. तेव्हापासून ती रोज बसमध्ये चढून हॉटेलसमोरच्या थांब्याचं आपण ठेवलेलं नाव सांगायची. मग तिची जुनी गिऱ्हाइकं तेच सांगायला लागली, मग सगळं गाव.

"बोला की, भाऊ!" ती म्हणाली. "पद गेलं, आता तुमचीही मोटार पेठेत येत नाही. बंदी तुम्हीच घातलीत ना?"

"ओ काका, आटपा!" मागून कुणीतरी ओरडलं.

डोईफोडे खिडकीकडे तोंड करून पुटपुटले, "ढापलेली खानावळ."

"ऐकू आलं नाही," बस म्हणाली. "जरा मोठ्यानं सांगा."