मातेचं पोट

मातेचं पोट निघून दुर्पताबाईच्या ओंजळीत आलं.

ती किंचाळली नाही. तान्ह्या लेकराएवढा जड शेंदराचा गोळा छातीशी धरून नुसती बसून राहिली. मंगळवारचा उपास, तोंडात पाण्याचा थेंब नाही. तिला वाटलं, आपल्यालाच भोवळ आली.

तलावाच्या पाळीवरच्या देवळातली ही गर्भार माय. पार कामठ्याहून बाया हिच्याकडे लेकरू मागायला यायच्या. मागणारीनं तेलात कालवलेला शेंदूर मातेच्या पोटावर लावायचा, अशी रीत. दुर्पतानं लावला होता, तिच्या सासूनंही. तिची सून संध्या मात्र बाहेर पायरीवरच, ताट धरून उभी. दोनदा तिचं लेकरू पोटातच गेलं, तेव्हापासून बायांनी तिला देवळाच्या आत घेणं सोडलं होतं. अशा बाईचा हात मायले लागू नये, म्हणे. दुर्पता त्यावर कधी काही बोलली नाही.

"अगा माय वं!" शेजारची शामकला भिंतीला जाऊन टेकली.

शेंदराखाली काळा दगड होता, आणि दगडात एक बाई. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. बरगडी न् बरगडी वेगळी. सुकून लोंबलेले स्तन. पोटाच्या जागी पाठीला टेकलेला खळगा, आणि खळग्यात नांगी उचललेला विंचू.

"चामुंडा होय ही! पाहून काऊन राहिली? तेल लाव अन् बसव परत! गावात बोभाटा झाला तं कोन येईन इथं लेकरू मागाले?"

दुर्पताचं बोट भीत भीत त्या खळग्यावरून फिरलं. कुठं खरखर लागली नाही. शेकडो वर्षांपूर्वी ज्यानं कुणी ही घडवली, त्यानं घाई केली नव्हती. त्या रित्या पोटाची लाजही धरली नव्हती. उलट सगळा जीव त्यानं तिथंच ओतला होता.

तिनं मांडीवरच्या गोळ्याकडे पाहिलं. आत कांद्यासारखे पापुद्रे होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायांनी थरावर थर देऊन मातेला हे पोट आणलं होतं.

"बसव ना वं लवकर! कोनी येईन!"

दुर्पतानं गोळा खाली ठेवला. मान वळवून दाराकडे पाहिलं.

"संध्या, अंदर ये वं बाई. मायच्या पोटातबी काही नाही."