जळकी तार

टांकोला ओढत आणलं तेव्हा बायोरचं प्रेत रीतीप्रमाणे मांडवात उंच खुर्चीवर बसवलेलं होतं आणि मयतीचा काष्ठतरंग वाजत होता. बायोरच्या थोरल्या भावाने, झिएमने, मोटारीच्या स्प्रिंगची पट्टी टांकोच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज वाद्यातूनही ऐकू आला.

बायोर भंगार-अड्ड्यावरच्या नव्या खरेदी केंद्रात वजनकाट्यावर बसायचा. परदेशाशी करार झाला होता: तांब्यासाठी जुन्या संगणकांच्या तारांवरचं प्लास्टिक जाळू नका, तारा तशाच आणा, चांगला भाव घ्या. जाळून काळी पडलेली तार बायोर आणणाऱ्याच्या तोंडावर फेकायचा. तांब्याचा व्यापारी टांको त्यावरून परवाच त्याला ‘बघून घेईन’ म्हणाला होता. काल तारा जाळायच्या मैदानात बायोर सापडला, डोकं फुटलेला. भंगार-अड्ड्याला एवढा पुरावा पुरला. त्याला नेहमीच थोडा पुरावा पुरतो.

“मी नाही मारलं! लेकरांची शपथ!” टांको किंचाळत होता.

गर्दी फोडत आकोल्गो पुढे आला. तो फ्राफ्रा, बायोर दगाबा. या दोन जमातींत मस्करीचं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, मयतीत तर बोलावंच, आणि राग धरला तर धरणाऱ्याचीच नाचक्की. वीस वर्षं या दोघांनी एकमेकांचा उद्धार केल्याशिवाय एक दिवस घालवला नव्हता.

“सोडा त्याला,” आकोल्गो म्हणाला. “बायोरला मी मारलं.”

मांडवात हशा पिकला. रडून डोळे सुजलेल्या बायासुद्धा हसल्या.

“आला कुत्रेखाऊ फ्राफ्रा!” झिएम म्हणाला. “कशानं मारलंस रे? पादून?”

“फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं. माझी जळकी तार त्यानं परत केली. परदेशी पाहुण्यांना द्यायच्या, तार जाळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लिहिलं. माझी चूल बंद झाली असती. देवाशप्पथ, झिएमदादा, मीच मारलं.”

“मग भाजून खाल्लास का नाही?” कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

“हसू नका रे! माणूस मरतोय!” आकोल्गोने झिएमचा हात धरला.

“पुरे आता.” झिएमने त्याला ढकललं. “तुझं मस्करीचं काम तू केलंस. आमचं आम्हाला करू दे.”

पट्टी पुन्हा उठली. मग हातोडे आले. टांकोचं ओरडणं आधी घोगरं झालं, मग थांबलं. असं मरण वैऱ्यालाही येऊ नये.

आकोल्गो मांडवाच्या खांबाशी ढसाढसा रडत बसला. बायोरची बायको वेरोनिका त्याच्यापाशी आली. तिने ज्वारीच्या दारूचा कटोरा पुढे केला.

“घ्या भावोजी. परक्या माणसाला वाचवायला खुनाचा आळ अंगावर घेत होतात. आमचे हे नेहमी म्हणायचे, आकोल्गो तोंडाचा घाण, पण मनाचा मोठा.”

आकोल्गोने कटोऱ्यासाठी हात पुढे केला. बाही मागे सरकली. मनगटावर बायोरच्या दातांच्या खुणा अजून ओल्या होत्या.