करकोचे उठले की

धोंडीबा तळ्याच्या बांधावर चढला, तेव्हा अण्णाराव मास्तर दुर्बीण डोळ्याला लावून बसले होते. पार पलीकडच्या काठाला करकोच्यांचा थवा उतरला होता.

"या, बसा," अण्णाराव म्हणाले. "कालच्यापेक्षा जास्त आलेत. लई लांबनं येतात हो, डोंगर ओलांडून."

धोंडीबा बसला नाही. त्याच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. दिवाळीपासून रझाकारांनी गाव दोनदा लुटलं होतं. शिवलिंग वाण्याचं दुकान जाळलं होतं. घरात वयात आलेली लेक, सत्यभामा; धोंडीबाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आणि हे परंड्याचे म्हातारे मास्तर रोज पाखरं बघत बसायचे.

तेवढंच असतं तर त्यानं सोसलं असतं. पण दोन्ही वेळेला त्यानं शेतातून स्वतः पाहिलं होतं. म्हाताऱ्यानं उठून पत्र्याचा डबा बडवला, सगळा थवा कलकलाट करत गावावरून उडाला, आणि मागोमाग भूमच्या वाटेनं रझाकारांची घोडी आली.

"इशारा कुणाला देता, मास्तर?"

अण्णारावांची दुर्बीण खाली आली. "इशारा?"

"पाखरं उठली की घोडी येतात. आंधळा न्हाय म्या."

अण्णारावांनी आवाज खाली आणला. "तुमचा गैरसमज होतोय. मला बोलायची मुभा नाही. घरी मथुराबाईंना विचारा एकदा."

"माझ्या बायकोचं नाव घेतोस?"

त्यानं दुर्बीण हिसकावून दगडावर आपटली. काचा फुटल्या, तरी राग निवेना. मास्तरांची गचांडी धरून त्यानं त्यांना बांधाखाली ओढलं आणि परंड्याच्या वाटेला लावलं.

"पुन्हा दिसलास तर तळ्यातच बुडवीन!"

म्हातारा लंगडत, मागं वळून वळून गावाकडं बघत गेला.

मथुराबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. धोंडीबानं छाती काढून सगळं सांगितलं. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय केलंत हे! त्यांना बांधावरनं लांबची घोडी दिसायची. करकोचे उठले की आमी बायका गावातल्या समद्या पोरी धान्याच्या बळदात दडवायचो. एक तरी पोर हाती लागली का त्या मेल्यांच्या?"

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तुमा गड्यांना सांगितलं असतं तर चावडीवर बोभाटा झाला असता. आमीच मास्तरांना शपथ घातली हुती."

धोंडीबा घरात डोकावला. भूमच्या वाटेवर टापा वाजू लागल्या होत्या.

"सत्यभामा कुठंय?"

"वढ्यावर," मथुराबाई म्हणाली. "पाखरं निवांत बसलेली बघूनच धाडली म्या तिला."