मधले सहा तास

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या आणि तिकीट हातात पडताच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. शेजारणीला विमान बदलायला दोन तास पुरले होते. मग आपल्यालाच त्या अनोळखी विमानतळावर सहा तास कशाला? मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "तिकीट तुझ्या सुनेने काढलंय, तिलाच विचार."

बाईंनी विचारलं नाही. सासू जितकी उशिरा दारात येईल तितकं बरं, दुसरं काय असणार.

विमानतळावर तर संशय पक्काच झाला. तपासणी, सरकते जिने, पुढच्या विमानाचं गेट, सगळं तासाभरात उरकलं. त्यांनी तडक सुनेला फोन लावला.

"झालं गं माझं सगळं. आता पाच तास इथे माशा मारत बसू का?"

"बसा निवांत, आई." सुनेच्या आवाजात हसू होतं आणि ते बाईंना मुळीच आवडलं नाही.

फणकाऱ्याने फोन पर्समध्ये टाकून त्या वळल्या. शेजारच्या खुर्चीवर एक चिमुरडी बेरीज करत होती आणि हातचा धरायला विसरली होती. बाई जराशा तिच्याकडे सरकल्या.

पुन्हा फोन वाजला तेव्हा त्या वैतागल्या. "आता काय गं मध्येच?"



"आई, समोर जी कोणाची मुलं बसली असतील, त्यांना आता सुट्टी द्या. गेट बंद व्हायला आलंय."