हवेतले मणी

"बाई, तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा," डॉ. केळुसकर म्हणाले.

शाळा सुटल्यावरच्या या क्लासात सबनीसबाई चिनी भाषेत आकडे उच्चारत आणि मुले कागदाशिवाय बेरीज सांगत. त्या अगम्य आकड्यांतून उत्तरच पुरवले जाते, असा भौतिकशास्त्राच्या या प्राध्यापकांना पक्का संशय होता. आज लबाडी पकडायची आणि आपल्या लेकीचा, ईरावतीचा हा लाडका क्लास बंद करायचा, असे ठरवूनच ते आले होते.

त्यांनी मुलीच्या डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला आणि मराठीतच पाच संख्या वाचल्या. ईरावतीची बोटे हवेतल्या हवेत, नसलेल्या अबॅकसच्या पाटीवरचे मोजणीचे मणी सरकवू लागली. उत्तर अचूक आले.

"हा बोटांचा नाच कशाला? यातच काहीतरी गोम आहे," असे म्हणत त्यांनी तिचे दोन्ही हात मुठीत आवळले आणि नव्या संख्या सांगितल्या. ईरावती गप्पच राहिली.

"बघा बाई, पडलं ना पितळ उघडं?"

बाई भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, "हात धरलेत का तिचे, सर? मग ती मणी कशानं सरकवणार?"

त्यांनी मूठ सोडली. बोटे क्षणभर हलली आणि बरोबर उत्तर आले. प्रयोग निर्दोष होता. निष्कर्ष तेवढा उलटा निघाला होता.

"क्लास चालू ठेवू," बाहेर आल्यावर ते म्हणाले आणि रस्ता ओलांडण्यासाठी त्यांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला.

ईरावतीने दोन्ही हात गणवेशाच्या खिशांत घातले. "तू हो पुढे, बाबा. मी येते मागून."