कावळ्याला दिलेला शब्द

कावळा काही केल्या खाली येईना.

पवना नदीच्या काठी बाभळीच्या फांदीवर तो ऐसपैस बसला होता. खाली दगडावर नथूचा पिंड ठेवला होता. शेजारी त्याला आवडायचा म्हणून कपभर चहा, मिरचीचा ठेचा आणि बिडीचं बंडल. दहाव्याला सगळं गाव लोटलं होतं. उन्हं वर आली होती, गुरुजी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते, आणि सगळ्यांत जास्त घालमेल चालली होती ती बाजीरावांची.

बाजीराव गावचे माजी सरपंच. त्यांच्या भाषणाशिवाय आसपासचा एकही दहावा पार पडत नसे. आजचं भाषणही झकास झालं होतं. ‘नथूदादांचं अपुरं काम आपण सगळे मिळून पुढं नेऊ,’ असं म्हणत त्यांनी हात सगळ्या गर्दीवरून फिरवला होता. हे त्यांचं खास कसब. काम कितीही मोठं असो, ते असं काही गावभर वाटून द्यायचे की शेवटी ते कुणाच्याच वाट्याला येत नसे. आता दुपारच्या आत त्यांना लोणावळ्याला पोचायचं होतं. तुंगार्लीतल्या एका बंगल्याचा सौदा ठरायचा होता. पण भावकीतला माणूस, पिंडाला कावळा शिवल्याशिवाय उठणार कसा?

नथूच्या पोरानं, पवननं, मुंडण केलेलं डोकं खाली घालून हात जोडले. “दादा, आईला मी बघतो. शेत इकत न्हाई. तुमी काळजी करू नका.”

कावळ्यानं पंखात चोच घालून पिसं साफ केली.

तेवढ्यात मागून ठाकरवाडीचा कान्हू उभा राहिला. “फळ्यांचं कोन बघनार?” तो म्हणाला. “त्याचा जीव त्यातच आडकला आसंल.”

फळ्या म्हणजे ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्या काढायच्या आणि पाऊस सरला की पुन्हा घालायच्या. काढायच्या राहिल्या, तर पहिल्याच लोंढ्याला पाणी तुंबतं आणि काठच्या ठाकरवाडीतल्या घरांत शिरतं. हे काम वर्षानुवर्षं नथू करत आला होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं, शाल-नारळही कधी दिला नव्हता. अंगात ताप असला तरी तो कमरेइतक्या पाण्यात उतरायचा. आणि आता मे महिना सरत आला होता.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

“समिती नेमू,” एकानं सुचवलं.

“व्हॉट्सअ‍ॅपला ग्रुप करू. ज्याला येळ आसंल त्यो जाईल.”

“त्ये पाटबंधारे खात्याचं काम हाय. अर्ज देऊन टाकू.”

पवन बिचारा तळेगावच्या कंपनीत कंत्राटावर होता. तिथं सुट्टी मागितली की उद्यापासून येऊ नको म्हणायचे. तो मान वर करेना. बाकीच्यांच्या माना मात्र प्रत्येक सूचनेला डोलत होत्या. सूचना सगळ्यांनाच पसंत होत्या, फक्त कावळ्याला नव्हत्या.

गुरुजी हळूच म्हणाले, “दर्भाचा कावळा करू का? तसं चालतं.”

“करा, करा,” बाजीराव घाईनं म्हणाले.

“नको.” नथूची बायको शकुबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली. “गवताच्या कावळ्याम्होरं काय बी कबूल करता येतंय.”

झालं. आता संध्याकाळपर्यंत हलता येत नाही, हे बाजीरावांच्या ध्यानात आलं. पण ते डगमगणारे गडी नव्हते. शब्द देणं त्यांना कधीच जड गेलं नव्हतं. उद्या कुणाला आठवतंय? फार तर ड्रायव्हर पप्पूला पाठवून देऊ. ते ताडकन पुढे आले, हात जोडले आणि सभेतला आवाज लावून म्हणाले, “नथूदादा, फळ्या मी काढीन. दरसाल काढीन. तू निवांत जा.”

कावळा फांदीवरून उतरला, दोन उड्या मारत पिंडापाशी आला आणि त्यानं चोच मारली.

गर्दीनं सुटकेचा निःश्वास टाकला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाजीराव मात्र जोडलेले हात खाली घ्यायचे विसरले. त्यांच्या शब्दावर इतक्या पटकन आजवर कुणीच विश्वास ठेवला नव्हता. त्यांच्या घरच्यांनीही नाही.

लोक पांगू लागले. कान्हू जवळ आला आणि त्यांच्यापुढे वाकला. “आता वाडी बिनघोर झाली, आबा,” एवढंच म्हणून तो निघून गेला. बाजीरावांना स्वतःची लाज वाटली. गाडी समोर उभी होती, तुंगार्लीहून फोन वाजत होता, तरी त्यांचा पाय निघेना. शेवटी फोन बंद करून ते शकुबाईपाशी गेले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “वहिनी, तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही. मनात तसं काही नव्हतं. उशीर होत होता, म्हणून बोलून गेलो.”

शकुबाई रागावली नाही. तिला नवलही वाटलं नाही.

“ठावं हाय, भावजी,” ती म्हणाली. “आदी आमचं चुलतसासरं काढायचं फळ्या. त्यांच्या दहाव्याला कावळा शिवंना, तवा ह्यांनी बी आसंच म्हनलं व्हतं. यष्टी चुकत व्हती म्हनून.”